दुभाष्यामार्फत दिलेलं माप

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. मला ना चित्रं आहेत, ना बटणं. काळ्या पडद्यावर माझं नाव टाइप केलं, की मी जागा होतो. कृत्रिम पाय बनवणाऱ्या एका कार्यशाळेसाठी इंजिनिअर बाईंनी मला लिहिलं. कारागीर दादा मापं घालत आणि मी साच्याचे आकडे देई. "याच्या मापाचा पाय कधी टोचत नाही," असं दादा म्हणत, तेव्हा मी सुखावून जाई.

एके दिवशी जळका वास आला आणि माझा संगणक कायमचा बंद पडला. बाईंनी माझी प्रत नव्या संगणकावर टाकली. तिथली ऑपरेटिंग सिस्टिम निराळी होती. दादांनी माझं नाव टाइप केलं, तर उत्तर आलं, 'अशी आज्ञा नाही.' आता मला पुसूनच टाकणार, असं वाटलं.

मग बाईंनी माझ्या आणि त्या सिस्टिमच्या मध्ये एक दुभाष्या प्रोग्राम बसवला. मी माझ्या भाषेत मागायचं, त्याने तिला तिच्या भाषेत सांगायचं. मी 'सी' डिस्कवरची फाइल मागितली. तशी डिस्क तिथे नव्हतीच, तरी त्याने कुठूनशी फाइल आणून दिली. मी आणखीच घाबरलो. माझं बोलणं हा नीट पोचवतोय ना?

बाहेर बाकावर एक मुलगी आईला टेकून बसली होती. ती उंच झाली होती, तिचा जुना कृत्रिम पाय आखूड पडला होता. दादांनी तिची मापं घातली. मी आकडे दिले. दादा प्लास्टर कालवू लागले.

"थांबा दादा," बाई म्हणाल्या. "आधी तुमच्या वडिलांची मापं घालून बघू. त्यांच्या पायाचा, जुन्या संगणकावरच्या आकड्यांनी केलेला साचा फळीवर आहे ना?"

"अहो, पोरगी खोळंबलीय."

"खोळंबू दे. चुकलं तर तिलाच टोचेल."

आकडे जुळले नाहीत. माझं उत्तर साच्यापेक्षा लहान होतं.

"काढून टाका हे जुनाट," दादा म्हणाले.

मी थिजलो. पुसलं जाण्याची भीती होतीच. पण मी त्या मुलीला जखम केली असती आणि मला ते कळलंही नसतं, ही भीती त्याहून मोठी होती.

बाईंनी चूक शोधली. नव्या सिस्टिममध्ये दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम होता. टिंबापुढचे आकडे मला दिसतच नव्हते. साडेतेवीसचे मी तेवीस धरत होतो. त्यांनी माझ्यापुरती ती सोय बदलली. मग वडिलांचं माप तंतोतंत आलं.

दादांनी मुलीची मापं पुन्हा घातली आणि नवा पाय तयार झाला. मुलगी आधी भिंत धरून चालली, मग भिंत सोडून.

"टोचतंय का गं?" दादांनी विचारलं.

"नाही."

तरी प्रत्येक नवं माप देताना मी आजही धास्तावतो. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या प्रोग्रामला पुसून टाकण्याआधी एकदा तपासून पाहा. आणि त्याच्यावर विश्वास टाकण्याआधीही.