मुंजाबाची बिनकामाची बाज

मी बाज बोलतेय. गारखेड्यात एका कडुलिंबाखाली असते. शेहेचाळीस वर्षं जिच्यावर मालक दुपारचा कधी धड आडवा झाला नाही, अशी बाज तुम्ही पाहिली नसेल. म्हणून म्हटलं, आपणच तोंड उघडावं.

माझा जन्म बाहत्तरच्या दुष्काळातला. देवगाव रंगारीला मुंजाबा मेंढ्या राखायचा. शिवारात वाळून गेलेली बाभूळ त्यानं तोडली, स्वतः तासली आणि मला उभं केलं. त्याची बायको बानाबाई हरखली. म्हणाली, "आता तरी दुपारचं घटकाभर पडत जावा."

"पडायला मी काय भिंत हाय?" म्हणत तो मेंढ्यांमागं निघूनही गेला.

त्या उन्हाळ्यात चारा संपला, मेंढ्या गेल्या. मुंजाबानं मला डोक्यावर घेतलं आणि दोघं चालत औरंगाबादला आली. गारखेड्याच्या बाजूला तेव्हा नुसतं माळरान. तिथं रस्त्याची खडी फोडायचं काम मिळालं. दिवसभर दगड फोडून माणूस दमतो, असं मी ऐकून होते. हा मात्र एका संध्याकाळी कडुलिंबाचं रोप घेऊन आला आणि खोपीपुढं लावून त्याला पाणी घालत बसला. बानाबाईनं ते पाणी अर्ध्या कोसावरून आणलेलं. ती काय बोलली, ते सांगण्यासारखं नाही.

पुढं शहर आलं. कुणी बोलावलं नव्हतं. माळाचे प्लॉट झाले, प्लॉटचे बंगले झाले. खोपीच्या जागी मुलानं, रामहरीनं, स्लॅबचं घर बांधलं. घरात सोफा आला, मी बाहेर. मुंजाबाही बाहेरच. त्यानं पुन्हा चार मेंढ्या घेतल्या होत्या. कुंपण पडायचं राहिलेला प्लॉट शोधत सकाळीच निघायचा.

"आबा, आता आराम करा. लोक काय म्हणतील?" रामहरी म्हणायचा.

"म्हणतील, रामहरीचा बाप अजून चालतोय. वाईट हाय का?"

रामहरीला ते खरंच वाईट वाटायचं.

दोन हजार सोळाच्या उन्हाळ्यात नळ आठवड्यातून एकदा यायला लागला. मुंजाबा अंघोळीचं पाणी परातीत धरून लिंबाला घालायचा. शेजारचे श्रीनिवासराव, बँकेतून निवृत्त झालेले, टँकरच्या पाण्यानं गाडी धुता धुता त्याला समजवायचे, "मुंजाबा, पाणी जपून वापरायला शिका." फार जाणकार माणूस.

त्याच गाडीवर लिंबाचा पाला पडायचा. म्हणून श्रीनिवासरावांनी एक दिवस झाडं तोडणारा सांडू बोलावला. मुंजाबा मेंढ्या घेऊन निघाला होता. त्यानं कुऱ्हाड पाहिली. मेंढ्या फाटकाला बांधल्या, मला ओढत बुंध्याला लावलं आणि भर दुपारी माझ्यावर आडवा झाला. मला तर धडकीच भरली. वाटलं, हा आजारी पडला.

"बाबा, उठा," सांडू म्हणाला.

"लई वर्षांनी पडलोय. उठवू नको."

श्रीनिवासराव तावातावानं आले. बाहेर ऊन मी म्हणत होतं, म्हणून भांडायलाही ते सावलीतच उभे राहिले. तासभर. मग घाम पुसत माझ्या कडेवर टेकले. सांडूनं भाकरी सोडली, अर्धी मुंजाबाला दिली. खाऊन झाल्यावर कुऱ्हाड पिशवीत घातली. "साहेब, ज्याच्या सावलीत जेवलो त्याच्यावर हात नाय उचलत मी."

दुसऱ्या दिवसापासून श्रीनिवासरावांची गाडी लिंबाखाली उभी राहायला लागली. गाडी तापते ना!

दोन वर्षांनी शहरालगतच्या सातारा डोंगराच्या पायथ्याला मेंढ्या चारताना मुंजाबा बसल्या जागी गेला. माझ्यावर नाही. मरायलासुद्धा त्याला मी चालले नाही.

तेराव्यानंतर कॉलनीनं शोकसभा घेतली. श्रीनिवासरावांनी डोळे पुसत भाषण केलं. मग 'वृक्षप्रेमी मुंजाबा मार्ग' अशी पत्र्याची पाटी चार खिळ्यांनी ठोकली. कुठं? लिंबाच्या बुंध्यात. टाळ्या झाल्या. लोक गेल्यावर बानाबाईनं घरातून पक्कड आणली आणि चारही खिळे उपसून काढले.

रामहरी म्हणाला, "आये, अगं सन्मान हाय त्यो."

"मंग तुझ्या पाठीत ठोक," ती म्हणाली.

आता दुपारची ती माझ्यावर पडते. दोरी सैल झालीय, मध्ये खड्डा पडलाय. उठताना म्हातारीला दोन्ही हात टेकावे लागतात. येता-जाता कुणी दोरी ओढून बांधून दिली तर बरं होईल. भाषण नको.