सीटवरचं खवलं

सीटवर एक खवलं चिकटलं होतं. नखाएवढं, उन्हात चकाकणारं. प्रतापने ते खरवडलं तर सुटून त्याच्या अंगठ्यालाच बसलं — आणि त्याच्या पोटात ढवळून आलं. रोजचंच हे. भातगिरणीमागच्या या पडवीत सायकल लावायची म्हणजे दिवसभर अंगावर मासळीचा वास घेऊन हिंडायचं. वर्गात मागच्या बाकावरची पोरं नाक धरतात, आणि घरी आई — साताऱ्याकडची माळकरी बाई — सायकल दारातच अडवून राखेने सीट घासते, जशी काही सीटच बाटली.

पण लावायची कुठे? पालघरचं हे कॉलेज नवं, आवाराचं काम अजून चाललेलं, आत फक्त प्राध्यापकांच्या सायकली. एकदा रस्त्याकडेला लावली, तर कुणीतरी दोन्ही टायर फाडून ठेवले आणि वडिलांची दुसरी पाळी बुडाली... सायकल त्यांचीच ना. ती वेळेत बोईसरला घरी पोचली नाही तर तारापूरच्या वीजकेंद्राच्या बांधकामावर ते जाणार कसे? आणखी एक खाडा झाला की मुकादम नाव काढून टाकणार, आणि मग कसलं आलंय कॉलेज.

टायर फाटले त्या दिवशी ही नवसी — सातपाटीहून मासळी आणणारी, याच पडवीत पाट्या ठेवणारी — आपण होऊन म्हणाली होती, "आत लाव रं बाला. माज्या पाट्या सरकवते मी." एक पाटी तिने दुसरीवर चढवली आणि सायकलीपुरती जागा झाली. त्याने साधे आभारही मानले नव्हते. श्वास रोखून उभा होता, बोलणार कसा?

आता तीच समोर उभी होती, हातात घडी घातलेला कागद घेऊन.

"शांताराम शेटनी दिलाय. तू शिकलेला हायस. वाच बगू काय लिवलंय."

घडी उलगडायची गरजच नव्हती. तो रेघांचा कागद, घडीच्या पाठीवर उमटलेली ती निळी शाई, मास्तर ज्याचं कौतुक करायचे तो वेलांटीचा झोकदार फाटा... अक्षर माझं. सोमवारी आम्ही अकरा जणांनी ठरवलं, गिरणीवाल्या शेटकडे अर्ज करायचा: पडवीतली ही घाण हलवा, सगळ्यांच्या सायकलींची सोय होईल. शेटचा पोरगाही आमच्यातलाच. प्रताप, तुझं अक्षर चांगलं, तू लिही. आणि मी लिहिलं — असह्य दुर्गंधी, रोगराई... रोगराई हा शब्द कुणी सुचवला नव्हता. तो मीच शोधून काढला, आणि लिहिताना किती बरं वाटलं होतं मला.

त्याने वाचलं. सगळं वाचलं, शेटने खाली मारलेल्या शेऱ्यासकट: रविवारपर्यंत जागा मोकळी करावी. सह्यांपाशी येऊन तो थांबला. पहिली सही त्याचीच होती.

"उनात मासली दुपारपत्तुर नाय टिकायची," नवसी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. मग, "कोनी लिवलंय?"

"नावं... लागत नाहीत. शाई फुटलीय."

तिने कागद घेतला, घडी करून कमरेला खोचला. मग तिचं लक्ष सायकलीकडे गेलं. पदराच्या टोकाने तिने सीट पुसली, सावकाश, कडेकडेने.

"आनि तुजी सायकल? तुला तरी र्‍हाऊ देतील ना हितं?"

त्याने मान हलवली. देतील.

सायकल बाहेर काढून तो कोपऱ्यापर्यंत चालत गेला, बसवेना. अंगठ्यावरचं खवलं अजून तिथंच होतं. त्याने अंगठा नाकाशी नेला. वास मासळीचाच, रोजचाच, आणि पोटात काहीच ढवळलं नाही. मग त्याने पेन धरायची बोटं नाकाशी नेली — गळक्या पेनाची शाई होती त्यांच्यावर, सकाळच्या तासाची — आणि त्याला उमासा आला.