माझा आवाज नंदुरबारपर्यंत

माझा आवाज मोठा आहे आणि मला त्याचा अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेरी तापीकाठी ज्वारी राखताना माळ्यावरून हाक दिली की पलीकडच्या शेतातली पाखरंसुद्धा उडायची. लग्नानंतर मात्र सासूबाई ओठांवर बोट ठेवायच्या आणि आमचे हे म्हणायचे, "हळू बोल ना वं, आख्खं गाव ऐकी ऱ्हायनं!"

हे पोलिसांतले वायरलेसवाले. त्रेसष्टच्या श्रावणात आमची चौकी धडगावच्या घाटमाथ्यावर होती. मधल्या डोंगरांमुळे धडगावचं बोलणं थेट नंदुरबारला पोहोचत नसे. हे एकीकडचं ऐकायचे आणि दुसरीकडे सांगायचे. पण सेटवर बटण दाबलं की फक्त बोलता येई, सोडलं की फक्त ऐकता येई. दोन्ही एकदम कधीच नाही.

त्या दुपारी घाटात दरड कोसळलेली, आणि चौकीवरचा शिपाई जामसिंग याची बायको धडगावच्या दवाखान्यात अडली होती. बाळ पायाळू. नर्स नवी, डॉक्टर नंदुरबारला. पोलिसांनी धडगावचा सेट दवाखान्यातच नेऊन ठेवला होता. पण हे डॉक्टरांशी बोलू लागले की नेमकी तेव्हाच घाबरलेली नर्स पुढचं सांगायची, आणि ते वाया जायचं. "भाभी, मन्ही बाई जिती शे का?" जामसिंग मला विचारत होता. माझं डोकंच फिरलं.

कोपऱ्यात जुना सेट पडला होता. त्याचं बोलणं मेलेलं, ऐकणं शाबूत.

"यावर मी धडगाव ऐकस. तुम्ही नंदुरबारले सांगा," मी म्हटलं.

ह्यांनी डोळे वटारले, पण बॅटरी जोडून दिली. जवळ ठेवला तर ह्यांनी बटण दाबताच तो नुसता किंचाळायचा. म्हणून जामसिंगनं आणि मी तो उचलून चौकीबाहेरच्या खडकामागे नेला.

हे आत डॉक्टरांशी बोलत होते, आणि माझ्या कानात नर्स रडवेली झाली, "कमरेपर्यंत आलंय. ओढू का मी?"

मी माळ्यावरची हाक दिली, "ती विचारी ऱ्हायनी, ओढू का?"

ह्यांचं बटण दाबलेलंच होतं. माझी हाक खिडकीतून ह्यांच्या माइकात आणि तिथून थेट नंदुरबारला गेली. ह्यांनी बटण सोडताच डॉक्टर ओरडले, "ओढू नका! पाठ वर राहू द्या, कळ येऊ द्या. आणि ऑपरेटर, तुम्ही मधे बोलू नका. त्या बाईंनाच बोलू द्या."

ह्यांनी सेटची खटकी धडगावकडे फिरवून ते शब्द नर्सला जसेच्या तसे सांगितले. मग खांदे आल्याचं मी ओरडले, डोकं अडल्याचं ओरडले. डॉक्टर सांगत गेले, हे पोहोचवत गेले. त्यानंतर माझ्या सेटवर नुसती खरखर. जामसिंगनं कान सेटला लावला होता. अचानक सेटमधून बाळाचं रडणं आलं, आणि मागोमाग नर्सचा आवाज, "आई बरी आहे."

मी वळून पाहिलं. आमचे हे माइक घेऊन खिडकीत उभे, बटण घट्ट दाबलेलं.

"बोल," ते म्हणाले, "जोरमा बोल!"

"पोर रडनी!" मी ओरडले.

ते नंदुरबारला ऐकू गेलं. सेट नसता तरी गेलं असतं, असं हे आजही चारचौघांत मोठ्यानं सांगतात, आणि मी त्यांना हळू बोला म्हणत नाही.