चौकोनी भोकं

"तिन्ही काप बिघडलेत," सर म्हणाले आणि माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सव्वीस वर्षं मी भूशास्त्र विभागाच्या या तळघरात दगडांचे काप काढते आहे. दगडाची चकती काचेवर चिकटवायची आणि पाणी सोडत इतकी घासायची की तिच्यातून उजेड आरपार जावा. माझ्या हाताला नाव ठेवायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती.

हा दगड मात्र जगावेगळा होता. जमिनीखालून वर चढणाऱ्या तप्त शिलारसाने चुनखडीचा एक तुकडा गिळला होता आणि आतल्या आत असा भाजला होता की त्यात दुर्मीळ खनिजं तयार व्हावीत. सरांना तीच हवी होती. माझ्या तिन्ही कापांत त्यांना नुसती भोकं दिसली.

"एवढाच तुकडा उरलाय. उद्या बाहेरच्या प्रयोगशाळेत पाठवतो. मनाला लावून घेऊ नका, ताई."

मनाला लावून घेऊ नका म्हणे! मी तडक सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. घासताना माझ्या हातून कण निसटला, तर भोक वेडंवाकडं पडतं. ही भोकं चक्क चौकोनी होती, कडा सरळ. म्हणजे तिथे स्फटिक होते आणि ते माझ्या हातांनी नाही, पाण्याने विरघळवून नेले होते.

"सर, हा काप पाण्याशिवाय काढते. रॉकेलमध्ये."

"आणि हाही गेला तर?"

"तर पुन्हा माझ्याकडे दगड देऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळपासून घासत बसले. रॉकेलच्या वासाने डोकं भणभणलं. जेवलीस का, असं विचारायला नवऱ्याने फोन केला, तर बिचाऱ्यावरच खेकसले.

चार वाजता सरांनी काप पाहिला. भोकांच्या जागी पिवळेधमक चौकोन जसेच्या तसे बसले होते.

महिनाभराने तपासणीचा निकाल आला. हे खनिज आजवर कुठल्याच यादीत नव्हतं! मला इतका आनंद झाला की मी तळघरात एकटीनेच टाळ्या पिटल्या. तेवढ्यात सर वही घेऊन खाली आले आणि माझ्यासमोर स्टुलावर बसले.

"काप कसा काढायचा, ते शोधनिबंधात लिहायचंय. तुम्ही सांगा, मी लिहून घेतो."

"पहिलं वाक्य लिहा," मी म्हणाले. "पाणी लावू नये."

सरांनी मान खाली घालून लिहिलं.