वाऱ्याला हलाल नाही

मुनिबाताईच्या अंगावर फळी पडली तेव्हा पानही हलत नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे कोर्टात नेझिरच्या वकिलाने वारा, वारा म्हणून नुसता उच्छाद मांडला. इमारतीच्या रंगकामासाठी बांधलेल्या परांचीवरून फळी सुटली आणि फुटपाथवरून चाललेल्या माझ्या थोरल्या बहिणीचा उजवा खांदा चेचला. हाड जुळलं, पण बोटांत जीव काही आला नाही. ताई चौकातल्या बुरेकच्या, म्हणजे खिमा भरलेल्या पापुद्र्यांच्या वळकट्यांच्या, दुकानात पीठ ताणायची. अख्ख्या टेबलावर पसरलेली ती पोळी इतकी पातळ असायची की खालच्या कापडावरची फुलं दिसायची. ते काम एका हाताने होत नाही.

नेझिर हा परांचीचा ठेकेदार. तो इस्पितळात आला तेव्हा मी ताईला सूप भरवत होते. कॉफीचा पुडा आणि साखरेच्या वड्यांचं खोकं घेऊन आला होता, कारण आमच्या सारायेव्होत आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने कोणी जात नाही. टोपी काढून पायथ्याशी उभा राहिला. मग म्हणाला, "मुनिबाबाई, हलाल कर मला."

खाटकाच्या पाटीवरचा शब्द तोच, पण आमच्याकडे तो माणूस माणसाकडे मागतो. मरणाच्या दारात मागतो, लांबच्या प्रवासाला निघताना मागतो, कुणाचं वाईट केलं असेल तर मागतो. दिला म्हणजे देवापुढे तू माझ्याकडून मोकळा झालास. मागितल्यावर नाही म्हणायची रीत नाही. ताईने डोळे मिटले आणि म्हणाली, "हलाल." मी तिच्या जागी असते तर ते खोकं त्याच्या टाळक्यात घातलं असतं.

आम्ही नुकसानभरपाईचा दावा लावला आणि हाच नेझिर फिरला. फळ्या पक्क्या बांधल्या होत्या, ती एक वाऱ्याने उडवली, असं त्याच्या वकिलाने कोर्टात सांगितलं. शिवाय बाईंनी साक्षीदारादेखत सगळं माफ केलं आहे, आता मागणं कसलं, असंही म्हणाला. तो साक्षीदार म्हणजे मी. आमच्या वकीलबाई स्लाव्हेन्का म्हणाल्या की देवापुढची माफी आणि कायद्याचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या, पण न्यायाधीशांनी ती तडजोड मानली तर हाती भोपळा.

घरी आल्यावर मी ताईला म्हटलं, "मी सांगते की मी तेव्हा कॉफी आणायला गेले होते."

"तू कुठेही गेली नव्हतीस, रेफिया."

"मग काय, तुझा हात त्याला आंदण दिलायस असं सांगू?"

"ऐकलंस तेवढं सांग. मी बोललेला शब्द तू गिळायचा नाहीस."

आयुष्यभर ही बाई अशीच.

कोर्टात नेझिर आमच्यासमोरच बसला होता, मान खाली घालून. न्यायाधीशबाईंनी मला विचारलं. कॉफीचं खोटं अगदी ओठांवर आलं होतं. मी ताईकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो, ऐकलं. दिला तिने हलाल." त्याचा वकील गालात हसला.

न्यायाधीशबाईंनी ताईला विचारलं, हे खरं का? ताई डाव्या हाताने बाक धरून उठली.

"खरं आहे. पण मी नेझिरला हलाल दिला, वाऱ्याला नाही. वाऱ्यानेच माझा हात नेला असेल, तर नेझिर माझं काही देणं लागत नव्हता. मग त्याने मागितला कशाला? आणि देणं लागत नसेल, तर माझा शब्द त्याने मला परत द्यावा."

वकील उठून म्हणाला की ती निव्वळ सहानुभूती होती. न्यायाधीशबाईंनी त्याला हाताने थांबवलं आणि नेझिरलाच विचारलं, तुम्ही हलाल कशाबद्दल मागितला होता?

वकिलाने त्याची बाही ओढली. नेझिर तरीही उठला. वकिलाकडे त्याने पाहिलंच नाही, तो ताईकडे पाहत होता.

"फळ्या बांधायच्या राहिल्या होत्या," तो म्हणाला. "मला माहीत होतं."

न्यायाधीशबाईंनी ते वाक्य शब्दन् शब्द नोंदवून घ्यायला लावलं आणि देवापुढची माफी म्हणजे भरपाई सोडणं नव्हे, असंही बजावलं. स्लाव्हेन्काबाईंनी टेबलाखाली माझा हात घट्ट दाबला. दावा आम्ही जिंकणार हे तिथे सगळ्यांनाच कळलं होतं. मला आनंद व्हायला हवा होता, पण रडूच कोसळलं.

नेझिर अजून उभाच होता. "मुनिबाबाई," त्याने हळूच विचारलं, "तो हलाल आहे ना अजून?"

"आहे," ताई म्हणाली आणि खाली बसली. तिचा उजवा हात बाकाच्या कडेवरून लोंबत राहिला. मी तो उचलून तिच्या मांडीवर ठेवला.