गडूवरचा रफू

शेगावच्या मयुरीला संग्रहालयातल्या जुन्या वस्तूंचं जतन शिकण्यासाठी वर्षभराची फेलोशिप मिळाली होती. सहाव्या महिन्यात पहिल्यांदाच एक वस्तू तिच्या एकटीच्या हाती आली. लोणारच्या छोट्या संग्रहालयातला तांब्याचा गडू; त्यासाठी ती लोणारलाच येऊन राहिली होती. गावात भाजी पिकवून विकणाऱ्या गोजरबाईंना तो वांग्यांसाठी वाफे खणताना सापडला होता. अंगभर हिरवा गंज.

"गंज हळूहळू काढ, खाली नक्षी असेल," मुंबईहून तिच्या शिक्षिका सिंधूताई फोनवर म्हणाल्या होत्या.

दोन दिवस सूक्ष्मदर्शकाखाली बारीक पात्यानं खरवडून तिनं गडूचा गळा मोकळा केला. तिसऱ्या दिवशी पोटावर आली आणि हात थबकला. गंजात रेघा होत्या. एक वर, एक खाली, पुन्हा एक वर. कापड! कापड कधीच कुजून गेलं होतं, पण गंजानं त्याच्या धाग्याधाग्याचा ठसा जपला होता. मयुरीनं पातं खाली ठेवलं. म्हणजे गळ्यावरचं असं किती खरवडून टाकलं आपण!

दुपारी बाजार उरकून गोजरबाई आपला गडू पाहायला आल्या.

"काऊन वं पोरी, अजून हिरवाच? चिंच लाव, दोन मिनिटात चमकते."

मयुरीनं त्यांना स्टुलावर बसवलं. गोजरबाईंनी एक डोळा मिटून भिंगाला दुसरा लावला.

"हे तं फडकं हाय वं," त्या हळूच म्हणाल्या. "अन् इथं फाटलं होतं. रफू केला हाय कोणंतरी."

"कुठं?"

"हे पाय, धागे दाटले तिथं. आधी उभे भरले, मंग आडवे. मीबी असाच भरतो."

मयुरीनं पाहिलं. ज्याला ती गंजाची गाठ समजली होती, तिथं खरंच टाके होते. दाट, सारखे, एकही न चुकलेला. कोण जाणे किती शतकांपूर्वी कुणी बाई उजेडाकडे तोंड करून बसली होती. गोजरबाईंनी नकळत हात जोडले होते.

तिनं सिंधूताईंना फोन लावला. गळा खरवडल्याचंही लपवलं नाही.

"आता कशालाच हात लावू नकोस," त्या म्हणाल्या. "मी निघते."

दुसऱ्या दिवशी सिंधूताई आल्या. पाहिलं. मग स्टुलावरून उठून म्हणाल्या, "गोजरबाई, बसा. मला पहिल्या टाक्यापासून समजावून सांगा."

गडू हिरवाच ठेवला.