झाडबेडकाच्या बोटातली फट

निवृत्त होऊन बाईंना बरीच वर्षं झाली होती, तरी प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेचं दार उघडलं की फॉर्मॅलिनचा वास त्यांना माहेरासारखा वाटायचा. कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील, पण वाटायचं खरं.

विभागात नवं संग्रहालय मांडायचं होतं. सरांनी जोडलेला झाडबेडकाचा सांगाडा कुठे ठेवायचा हे ठरवायला नव्या प्राध्यापकाने बाईंना मुद्दाम बोलावलं होतं. सर म्हणजे बाईंचे गुरू. अख्खी हयात त्यांनी बेडकांच्या बोटांपायी घालवली. आधी ते हाडं सुटी करायला घरच्या दुधाच्या पातेल्यात मेलेले बेडूक उकळायचे. काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, एक दिवस पातेलं आणि सर, दोघांनाही घराबाहेर काढलं, तेव्हा कुठे हा संसार प्रयोगशाळेत आला. सर गेल्यावर त्यांच्या हातचा हा एकच सांगाडा धड उरला होता.

"बघा तरी बाई," प्राध्यापक हौसेने म्हणाला. "बोटांची टोकं सुटत आली होती. प्रत्येक बोटात शेवटच्या दोन हाडांमध्ये फट पडलेली. सगळी नीट चिकटवून टाकली!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अरे शहाण्या, ती पडली नव्हती, सरांनी ठेवली होती!"

प्राध्यापक गोरामोरा झाला. त्याचा विषय किडे. बेडकाशी त्याचा संबंध परीक्षेपुरता. बाईंनी कपाटातून डबक्यातल्या साध्या बेडकाचा सांगाडा काढून शेजारी ठेवला.

"याच्या बोटात हाडाला हाड भिडतं. झाडावर चढणाऱ्याच्या बोटात त्या दोन हाडांमध्ये कूर्चेचा, म्हणजे मऊ हाडाचा, एक बारीक तुकडा असतो. म्हणून टोक हवं तसं वळतं आणि पानावर सपाट टेकतं. उकळलं की तो तुकडा जातो. सर त्याची जागा मोकळी सोडायचे. म्हणायचे, बघणाऱ्याने विचारलं पाहिजे, इथे काय होतं?"

"मी डिंकच लावलाय, बाई. कोमट पाण्याने सुटेल."

बाईंनी ब्रश उचलला. संधिवाताने त्यांच्या बोटांचे सांधे सुजले होते, ब्रश चिमटीत नीट धरवत नव्हता. जरा धक्का लागला असता तर हाडाचा भुगा झाला असता, आणि सरांच्या हातचं काहीच उरलं नसतं. त्यांनी ब्रश खाली ठेवला. फार वाईट वाटलं त्यांना.

"तू कर," त्या म्हणाल्या.

पोरगा हाताचा हलका निघाला. श्वास रोखून त्याने पहिलं बोट सोडवलं, खालच्या फळीवर डिंकाचा ताजा थेंब ठेवला आणि चिमट्यात टोकाचं हाड धरलं.

"किती फट ठेवू?"

सरांनी कधी मोजलंच नव्हतं. बाई विद्यार्थिनी असताना सर त्यांचं मनगट धरून हात सरकवायचे आणि जागेवर आला की सोडायचे. बाईंनी प्राध्यापकाचं मनगट धरलं.

"अजून. अजून जरासं. बस!"

फट अगदी सरांची होती. सर गेले तेव्हा काकूंना सावरण्यात बाईंना रडायला फुरसत मिळाली नव्हती. आता त्यांचे डोळे घळाघळा वाहू लागले.

"चुकलं का काही?" प्राध्यापकाने घाबरून विचारलं.

"नाही रे," मनगट न सोडता बाई म्हणाल्या. "हलू नकोस. सुकू दे."